आराखडा प्रोपेनचा, सिलिंडर आपला: गॅसभट्टीवरचे वाचकांचे प्रश्न

लोहारकामासाठी गॅसची भट्टी घरीच बांधणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. बहुतेकांनी भट्टी अमेरिकन आराखड्यावरून बांधली आहे. तिकडे विकल्या जाणाऱ्या प्रोपेनमध्ये निदान 90 टक्के प्रोपेनच असतो. आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन्ही असतात आणि ब्युटेनचा वाटा बराच असतो. आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथूनच सुरू होतात, म्हणून हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : सुऱ्या, विळे, लहान कोयते करायचे आहेत. पहिली भट्टी केवढी करावी? सामान काय आणि किती आणावं? (मिरज)

आतली पोकळी 15 सेंमी व्यासाची आणि 30 सेंमी लांबीची ठेवा. तिचं आकारमान सव्वापाच लिटरच्या आसपास भरतं आणि पाऊण इंची पाइपचा एक बर्नर तेवढ्याला पुरतो. नवशिके हमखास मोठी भट्टी बांधतात, मग एका बर्नरला ती तापत नाही. पात्याचं एका वेळी 10-12 सेंमीच ठोकून होतं, त्यापुढचं तापवलेलं सगळं वाया.

बाहेरचं कवच आतून 27 सेंमी व्यासाचं हवं. 16 गेजचा पत्रा रोलिंगवाल्याकडून वळवून घ्या. भंगारात 10 इंची एमएस (साध्या पोलादी) पाइपचा तुकडा मिळाला तर तोही चालेल, फक्त पोकळी थोडी लहान होईल. जुना गॅस सिलिंडर मात्र कापू नका. तो तेल कंपनीच्या मालकीचा असतो, आणि रिकामा दिसला तरी आत गॅस उरलेला असतो. कापताना ठिणगी पडली की स्फोट. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यातही काही जण भट्टी करतात. प्रयोगापुरतं ठीक आहे, पण पत्रा पातळ असल्याने बर्नरचं वजन पेलत नाही. बर्नर कलला की ज्वाळेची दिशा बदलते.

अस्तरासाठी 25 मिमी जाडीचं, 128 किलो प्रति घनमीटर घनतेचं सिरॅमिक ब्लँकेट घ्या. ते 1260 अंशांचं आणि 1425 अंशांचं अशा दोन प्रतींत मिळतं. निदान आतला थर 1425 चा असू द्या. रोलची रुंदी 61 सेंमी असते. त्यातून 84 सेंमी लांब तुकडा काढून 30-30 सेंमीच्या दोन पट्ट्या करा. एक बाहेरच्या थराला पुरी लागते, दुसरी 69 सेंमीवर कापून आतल्या थराला. मागच्या भिंतीच्या दोन चकत्यांना आणखी 27 सेंमी लागतील, म्हणजे सव्वा मीटर आणलं की झालं. दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. पट्टी परिघाला जेमतेम पुरेल इतकी लांब कापलेली असली की दाबून बसवल्यावर स्वतःच्या ताणाने जागी राहते, खिळा-तार लागत नाही.

ब्लँकेट कापण्याआधी त्यावर पाणी शिंपडा आणि एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क लावा. त्याचे तंतू फुप्फुसात जातात, आणि खूप तापलेल्या ब्लँकेटच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका तयार होते, ती आणखी वाईट. म्हणून उघडं ब्लँकेट ठेवून भट्टी चालवणं आम्हाला मान्यच नाही. आधी कोलॉइडल सिलिका फवारून ते कडक करून घ्या. फवाऱ्यात खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकले की कुठे पोचलं नि कुठे राहिलं ते दिसतं. वाळल्यावर त्यावर 10 मिमी हाय-अॅल्युमिना कास्टेबल (पाण्यात कालवून लिंपायचं, आच सोसणारं मिश्रण) चढवा. एवढ्या भट्टीला ते सहा-सात किलो लागतं, पिशवी बहुधा 25 किलोची मिळते. उरलेलं कोरडं, हवाबंद ठेवा. दुरुस्तीला लागेलच.

कास्टेबलमध्ये पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच घाला. हाताला सुकं वाटतं म्हणून वाढवलं की ताकद निम्म्यावर येते. लिंपून झाल्यावर 24 तास ओल्या फडक्याखाली, वरून प्लास्टिक. मग दोन दिवस आत साठ वॅटचा पिवळा बल्ब पेटता ठेवा. त्यानंतर पाच मिनिटं बारीक आच देऊन पूर्ण थंड करा, मग दहा मिनिटं, मग वीस. ही घाई बहुतेकांना नडते. आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे उडतात, कधी चांगला हातभर लांब. म्हणून पहिल्या तापवण्यांना तोंडासमोर उभं राहू नका.

बर्नर बसवायची नळी अस्तराआधीच कवचाला वेल्ड करून घ्या : दीड इंची पाइपचा 5 सेंमी तुकडा आणि त्यात तीन बोल्ट, बर्नर मध्यभागी धरायला. ती माथ्यावर सरळ उभी नको, घड्याळात दहा वाजतात त्या जागी तिरपी असू द्या. म्हणजे ज्वाळा भिंतीला घासत गोल फिरते आणि थेट पात्यावर आदळत नाही. आदळते तिथे एका ठिपक्यावर पोलाद जळतं.

प्रश्न : पाऊण इंची टी-बर्नर (पाइपच्या टी-जोडातून स्वतः हवा ओढणारा) आराखड्याबरहुकूम बनवला, गॅसची धार सोडायला मिग वेल्डिंगची टिप 1.0 ची लावली. चौरस सेंमीला 0.7 किलो दाबावर तोंडातून फूटभर नारिंगी ज्वाळा येते, समोरच्या विटेवर काजळी धरते आणि पोलाद नारिंगीच्या पुढे जात नाही. दाब वाढवला तर ज्वाळाच लांबते. (नाशिक)

तुमच्या बर्नरला हवा कमी पडतेय. दाब वाढवून ती कमतरता भरत नाही.

हिशोब असा आहे. एक घनफूट प्रोपेन पुरता जळायला 24 घनफूट हवा लागते, एक घनफूट ब्युटेनला 31. ब्युटेन जड असल्याने त्याची धार थोडी जास्त हवा ओढते, पण इतकी जास्त नाही. त्यामुळे प्रोपेनवर बरोबर जळणारा बर्नर आपल्या सिलिंडरवर गॅस जास्त, हवा कमी असा जळतो. त्यात तुमची टिप मोठी. मिग वेल्डिंगची टिप कोणत्या जाडीच्या तारेसाठी आहे त्या आकड्याने विकली जाते, तिचं छिद्र त्या आकड्याहून थोडं मोठंच असतं. पाऊण इंची नळीला 0.8 ची टिप लावा.

टिप बदलण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण ती चुकली असेल तर बाकी सगळं व्यर्थ. टिपेतून 0.8 ची सरळ मिग तार घाला आणि नळीच्या दुसऱ्या टोकातून बघा. तार वर्तुळाच्या बरोबर मध्यात दिसायला हवी. तीन-चार मिमी बाजूला गेली तर गॅसची धार भिंतीला घासते आणि हवा ओढण्याची ताकद तिथेच संपते. हातड्रिलने टीच्या पाठीला पाडलेलं भोक बहुधा तिरकं जातं. लेथवाल्याकडे न्या. टीच्या पाऊण इंची तोंडात नळी घट्ट बसवायची, ती नळीच चकमध्ये धरायची आणि टीच्या पाठीत भोक पाडून आटे मारायचे. अशाने भोक नळीच्या अक्षावरच येतं.

मग टिपेची लांबी. ती टीच्या पोटात जितकी पुढे आलेली, तितकी हवा कमी ओढली जाते. कानशीने दीड मिमी कमी करा, छिद्राच्या कडेचा बर (कानशीने सुटलेली धातूची कड) सुईने काढा, लावून बघा. पुन्हा दीड मिमी. एकदम कापू नका. जास्त कापली गेली तर नवी टिप आणावी लागेल. टिप स्वस्त असते, दोन-तीन जादाच आणून ठेवा.

बर्नर उघड्यावर पेटवून केलेली पारख भट्टीत टिकत नाही. भट्टी दहा मिनिटं तापू द्या आणि मग बघा : बर्नरच्या तोंडाशी आखूड, फिकट निळा, ठाम कडेचा शंकू, आणि भट्टीबाहेर दोन-तीन इंच निळसर ज्वाळा. शंकू हिरवट, मऊ, लांब असेल तर गॅस जास्त. ज्वाळा आखूड, जांभळट, सूं सूं आवाज करणारी असेल आणि पोलादावर जाड राखाडी खपली सुटत असेल तर हवा जास्त. स्वच्छ घासलेला पट्टीचा तुकडा आत ठेवून पाच मिनिटांनी काढा. पातळ, चिकटून बसलेली खपली म्हणजे बर्नर जमला. लोहारकामाला गॅस किंचित जास्त असलेला बरा, पोलादाचा कार्बन आणि जाडी दोन्ही वाचतात.

नव्या अस्तराच्या पहिल्या एक-दोन तापवण्यांत ज्वाळा नारिंगी दिसतेच. अस्तरातले क्षार आणि धूळ जळत असतात. तेवढ्यावरून बर्नरला दोष देऊन टिप कापत बसू नका.

प्रश्न : प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळू समप्रमाणात कालवून अस्तर केलं. चार वेळा पेटवल्यावर भेगा पडून तुकडे गळू लागले. सिमेंट मिसळू का? (इचलकरंजी)

नको. प्लास्टरमधलं पाणी गरम झाल्यावर निघून जातं आणि उरते ती भुकटी. साधं सिमेंटही पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे ताकद सोडतं, वर उडतंही. हे मिश्रण व्हिडिओत स्वस्त दिसतं, पण अॅल्युमिनियम वितळवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. सगळं खरवडून काढा. ब्लँकेट परवडत नसेल तर हलक्या इन्सुलेशन विटा घ्या, 26 नंबरच्या, आणि त्यांची चौकोनी पेटी करून बाहेरून अँगलने आवळा. जड फायर ब्रिक दिसायला दणकट असते, पण ती उष्णता पीत राहते. अर्धा तास गॅस तिलाच तापवण्यात जातो.

प्रश्न : बर्नर मध्येच ‘फक-फक’ करतो आणि ज्वाळा नळीत मागे शिरते. बंद केल्यावरही वरची टी हाताला चटका बसेल इतकी तापते. (अकोला)

हे दोन वेगळे दोष आहेत.

मिश्रण नळीतून ज्या वेगाने बाहेर येतं त्याहून आग वेगाने मागे सरकली की ‘फक-फक’ होतं. दाब फार कमी ठेवलात तर होतंच, त्यामुळे आधी 0.3 किलोच्या खाली चालवत नाही ना ते बघा. दाब ठीक असेल तर भट्टीचं तोंड किती झाकलंय ते पाहा. या जातीच्या बर्नरला पंखा नसतो, आत थोडा जरी दाब तुंबला तरी त्याची हवा ओढणं मंदावतं. पाऊण इंची एका बर्नरला निदान अडीच इंच बाय तीन इंच वाट मोकळी हवी. विटा लावून ती त्याहून लहान केली असेल तर मागे सरकवा. तिसरं कारण टिपेत अडकलेला कण. चौथं, नळीचं टोक भट्टीत पुढे आलेलं असणं. टोक लाल झालं की मिश्रण नळीतच पेट घेतं. नळी आतल्या पृष्ठभागापासून 10-12 मिमी मागे राहू द्या आणि पुढची वाट कास्टेबलमध्येच जरा पसरट होत जाणारी करा, दर 12 मिमीला व्यास एक मिमी वाढेल अशी. ही पसरट वाट लाकडाच्या निमुळत्या खुंटीवर प्लास्टिक गुंडाळून सहज घडवता येते. नळी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेली) असेल तर आजच बदला. गरम जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो. टी आचेपासून दूर असते, ती जीआयची चालते. नळी काळ्या एमएस पाइपची हवी, लांबी 20 सेंमी.

दुसरा दोष म्हणजे धुराड्याचा परिणाम. गॅस बंद होताच भट्टीतली तापलेली हवा बर्नरच्या नळीतून वर चढते. गॅस बंद केल्याबरोबर नळी धारकातून उपसून काढा किंवा टीची दोन्ही तोंडं पत्र्याच्या टोपणांनी झाका. नाहीतर टिप, रबरी नळी आणि जोड रोज थोडे थोडे भाजले जातील.

प्रश्न : डिसेंबरात सकाळी तासभर काम झालं की सिलिंडरवर दव, मग बर्फ. दाब उतरतो. गरम पाण्याची बादली ठेवली तर? घरचा सिलिंडर वापरतो. (सातारा)

आधी शेवटच्या वाक्याचं बोलू. 14.2 किलोचा सिलिंडर फक्त घरगुती स्वयंपाकासाठी आहे, दुसरीकडे वापरणं एलपीजीच्या पुरवठा व वितरणाच्या 2000 सालच्या आदेशाने गुन्हा ठरतं. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. बर्फाच्या तक्रारीवरही निम्मा उपाय तोच आहे.

एक किलो गॅस द्रवाचा वायू व्हायला सुमारे 100 वॅटच्या बल्बाने तासाभरात दिलेल्या उष्णतेएवढी उष्णता लागते. ती सिलिंडरच्या पत्र्यातून, आजूबाजूच्या हवेतून येते. ओढ जास्त आणि पत्रा लहान असला की द्रव थंड होत जातो. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, पण ब्युटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला. पत्र्यावर बर्फ धरला म्हणजे आतला ब्युटेन जवळजवळ निपचित पडला. प्रोपेन तेवढा निघून जातो, मागे ब्युटेन उरतो. म्हणूनच सिलिंडर संपत आला की दाब तर उतरतोच, शिवाय बर्नर पुन्हा नारिंगी जळू लागतो. अशा वेळी टिप कापायला बसू नका, सिलिंडर बदला.

नळाच्या साध्या पाण्याच्या टबात सिलिंडर उभा ठेवला तरी खूप फरक पडतो. कढत पाणी नको, हीटर नको, भट्टीच्या आचेजवळ सरकवणं तर मुळीच नको. सिलिंडर आडवाही करू नका, द्रवच रेग्युलेटरात येईल. रोज तीन-चार तास काम असेल तर एजन्सीच्या मेकॅनिककडून दोन सिलिंडर मॅनिफोल्डवर जोडून घ्या. ओढ वाटली जाते आणि दोन्ही उबदार राहतात.

आणखी दोन गोष्टी. शेगडीचा रेग्युलेटर या कामाचा नाही. त्याचा दाब चौरस सेंमीला 30 ग्रॅम, आणि आपल्याला लागतो 300 ते 1000 ग्रॅम. काटा असलेला, 0 ते 2 किलोमध्ये फिरवता येणारा हाय-प्रेशर रेग्युलेटर घ्या. हॉटेलांतल्या भट्ट्यांना लावतात तो बिनकाट्याचा रेग्युलेटर घेतलात तर किती दाब आहे हे कधीच कळणार नाही, आणि मग सुधारणा कशाच्या आधारावर करणार? रबरी नळी एलपीजीसाठीचीच, दाबाला टिकणारी, निदान तीन मीटर. गॅसच्या जोडांना उलटे आटे असतात आणि नटाच्या कडांना खाच असते, जोर लावण्याआधी ते बघा. बर्नरजवळ पाव फेऱ्याने बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवा. प्रत्येक जोडणीनंतर साबणाच्या पाण्याने गळती तपासा, काडी पेटवून कधीही नाही.

प्रश्न : ठाण्यात तळमजल्याला बंद गॅरेज आहे. शटर अर्धं उघडं ठेवून चालवलं तर चालेल का? (ठाणे)

नाही. किंचित गॅस-जास्त चालणारी भट्टी कार्बन मोनॉक्साइड सोडतेच, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं आणि मळमळ ही पहिली लक्षणं लोक उन्हाचा त्रास समजतात. उलट एलपीजी हवेपेक्षा जड, तो गटारात, खड्ड्यात, तळघरात उतरून साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोचलं की ठिणगीची वाट पाहतो. निदान दोन बाजू पूर्ण उघड्या असलेली पत्र्याची शेड हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाकाच्या उंचीवर लावा, गॅसगळतीचा जमिनीलगत. सहा किलोचा पावडरचा अग्निशामक हाताशी, पण भट्टीमागे नको. आग लागली की त्या बाजूला जाता येत नाही.

पेटवतानाचा क्रमही सांगतो, कारण चूक तिथेच होते : आधी पेटता बोळा किंवा लायटर भट्टीत, मग गॅस. पेटला नाही तर बंद करून पाच मिनिटं थांबा. बंद करताना आधी सिलिंडर, मग नळीतला गॅस जळून संपू द्या.

प्रश्न : टाकणखार लावून वेल्ड करतो. भट्टीचा तळ विरघळून खड्डा पडला, खालचं ब्लँकेट दिसतंय. अस्तर सुधारून आचही वाढवता येईल का? (कोल्हापूर)

वितळलेला टाकणखार सिरॅमिक ब्लँकेटला पाण्यात साखर विरघळावी तसा खातो, कास्टेबललाही कुरतडतो. त्याला पुरून उरेल असा तळ घरगुती पैशांत होत नाही, म्हणून तळ बदलता येईल असाच करायचा. खड्डा खरवडून कास्टेबलने भरा, वर 12 ते 15 मिमी जाडीची हाय-अॅल्युमिना फरशी किंवा मातीकामाच्या भट्टीतला शेल्फचा तुकडा सुटा ठेवा. खार त्यावर साचेल. जाड झाला की फरशी उलटा, नंतर टाकून द्या. खार लावतानाही हात आखडता घ्या. पात्यावर काचेसारखा पातळ थर आला की पुरे, ओघळणारा प्रत्येक थेंब अस्तरात जातो.

आच वाढवायला कोल्हापुरात तुम्हाला दूर जावं लागणार नाही. फाउंड्रीत साच्यांवर लावायला झिरकॉन फ्लोअर (झिरकॉनची बारीक भुकटी) वापरतात, ती चार-दोन किलो मिळवा. 97 भाग झिरकॉन फ्लोअर आणि 3 भाग बेंटोनाइट (एक चिकणमाती), पाण्यात ताकापेक्षा थोडं दाट कालवायचं. कास्टेबल पाण्याने ओलं करून त्यावर ब्रशने दोन पातळ हात द्यायचे, मधे वाळू द्यायचं. जाड थर दिलात तर पोपडे सुटतील. झिरकॉन ज्वाळेची उष्णता धरून परत आत फेकतो. त्याच दाबावर भिंती नारिंगीहून पिवळ्याकडे जातात आणि वेल्डची 1250 अंशांपुढची आच कमी गॅसमध्ये मिळते. सुधारणांचा आमचा क्रम मात्र असा : आधी बर्नरची हवा, मग मागचं-पुढचं तोंड विटांनी आवरणं, मग हा लेप. बर्नर गढूळ जळत असताना लेपाला पैसे घालू नका.

प्रश्न : ब्लोअरचा बर्नर जास्त आच देतो म्हणतात. आमच्याकडे वीज कधीही जाते. (जालना)

ब्लोअरचा बर्नर हवा-गॅस दोन्ही वेगवेगळे फिरवून देतो, ब्युटेनची अडचण एका झडपेने सुटते, भट्टीचं तोंडही जास्त झाकता येतं. वेल्डकामाला तो सरस आहेच. पण वीज गेली की पंखा थांबतो, गॅस थांबत नाही. तो ब्लोअरच्या पाइपात मागे शिरतो, आणि भट्टी लाल असते. त्यामुळे गॅसवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवाच : गॅससाठीचा, वीज नसताना बंद राहणाऱ्या जातीचा.

एवढ्यानेही काम पूर्ण होत नाही. वीज परत आली की व्हॉल्व्ह आपोआप उघडेल आणि तुम्ही जेवायला गेलेले असाल. म्हणून ब्लोअर आणि व्हॉल्व्ह दोन्ही शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमधून घ्या. त्यातली नो-व्होल्ट कॉइल वीज जाताच सोडते, आणि परत हिरवं बटण दाबल्याशिवाय काही सुरू होत नाही. पंपाला लावतात तो ऑटो-स्टार्टर इथे अजिबात नको. वीज आल्यावर स्वतःहून सुरू करणं हेच त्याचं काम असतं. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि पहिल्या दिवशी मेन स्विच मुद्दाम पाडून बघा.

प्रश्न : आमचा पिढीजात लोहारकामाचा धंदा आहे. कोळसा महागला. गॅसवर गेलो तर परवडेल का? (बीड)

0.8 ची टिप आणि अर्धा किलो दाब धरला तर तासाला एक किलोच्या आसपास गॅस जातो. 19 किलोच्या सिलिंडरच्या दराला 19 ने भागा, तासाचा खर्च तेवढाच. आपल्या भट्टीचा खरा आकडा हवा तर काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. आठवडाभर आकडे आणि झालेले नग लिहून ठेवा, मग नगामागे खर्च काढा आणि त्याच आठवड्याच्या कोळशाशी ताडून बघा.

कमानपाट्याचे कोयते, विळे, कुऱ्हाडीची पाती असा एकसारखा माल असेल तर गॅस सरस ठरतो. दहा मिनिटांत भट्टी तयार, भाता नको, पोलादाला कोळशातलं गंधक लागत नाही, आणि दोन-तीन नग आत तापत असताना एक ऐरणीवर. कमानपाटा पिवळ्यापर्यंत चढू देऊ नका, नारिंगीलाच बाहेर काढा. गॅसभट्टीत आच सगळीकडे सारखी असल्याने तो कधी जास्त तापला ते लक्षात येत नाही.

पण पहारीचं फक्त टोक शेवटायचं, नांगराच्या फाळाचा मधलाच भाग वाकवायचा, बैलगाडीची धाव तापवायची, ही कामं कोळशावरच ठेवा. गॅसभट्टी पोकळीत बसेल तेवढं सगळं तापवते, बोटभर जागा तापवणं तिला जमत नाही, आणि तोंडात मावत नाही ते तर तापतच नाही. जुना भाता मोडीत काढू नका. दोन्ही शेजारी ठेवा आणि कोणतं काम कुठे न्यायचं ते नगावरून ठरवा.